चाल उचलणारे

नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणास गोदेच्या वाळवंटात दिंड्यांच्या राहुट्या पडतात आणि फडाफडांतून मृदंग बोलू लागतो, तेव्हा मी घराजवळच्या एखाद्या फडावर जाऊन बसतो. यंदा असाच बसलो असता, उतारवयाचे एक कीर्तनकार अभंगाचा दुसरा चरण उलगडून दाखवीत होते आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यांचा आवाज अकस्मात बसला. भावनेने दाटला नव्हे, तर दीर्घकाळच्या दम्याने पोखरलेला गळा जसा काही पूर्वसूचना न देता बंद पडतो तसा बंद पडला. त्यांनी छातीवर हात ठेवला न ठेवला तोच पाठीमागच्या टाळकऱ्यांपैकी एकाने तोच चरण वरच्या स्वरात उचलला, बाकीच्यांनी त्याला साथ दिली, मृदंगाने लय दुपटीत नेली आणि समोरच्या शेदीडशे माणसांपैकी बहुतेकांना, कीर्तनात चाल म्हणतात तशी ही एक चाल चालली आहे, एवढेच वाटले. बुवांनी तांब्यातले पाणी घोटघोट घेतले, श्वास जागेवर येऊ दिला आणि चाल समेवर येताच, ज्या शब्दावर ते थांबले होते त्याच्या पुढच्या शब्दापासून निरूपण पुन्हा सुरू केले.

मी पाहत होतो तो त्या टाळकऱ्याचा चेहरा. त्यावर काळजी नव्हती, कीव तर नव्हतीच. बुवांकडे त्याने वळूनही पाहिले नाही. त्याचे सारे लक्ष चरणावर होते. आपल्या माणसाचा गळा कोणत्या घटकेला दगा देतो हे अनेक वर्षांच्या सहवासाने ज्याला ठाऊक झालेले असते, आणि तो दगा झाला असता माणसाला सावरण्यापूर्वी त्याचा अभंग सावरायचा असतो हे ज्याला उमगलेले असते, त्याचा तो चेहरा होता.

गळ्याची गोष्ट पैठणात निघाली म्हणजे ती नाथांपाशी गेल्यावाचून राहत नाही. एकनाथांना कंठाची पीडा जडली होती. ज्ञानदेव त्यांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, आळंदीस अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती तू येऊन काढ, असे नाथांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात सांगितलेले आहे, आणि पैठणच्या लहान मुलांनाही ते ठाऊक असते. मला या कथेतील चमत्काराहून तिची रचना अधिक विलक्षण वाटते. दुखणे नाथांचे, पण स्वप्नात येणारा स्वतःचेच दुखणे सांगतो. तो औषध सांगत नाही, पथ्य सांगत नाही, बरा होशील असा दिलासाही देत नाही. तो काम सांगतो. १२९६ साली समाधी घेतलेला एकविशीतला तरुण कवी पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतरच्या एका कीर्तनकाराला, माझ्याही गळ्याला तेच झाले आहे, तेव्हा तू इकडे ये, असे हक्काने म्हणतो, तेव्हा तिथे गुरुशिष्याचे नाते राहत नाही. दोन आजारी माणसांची ती मैत्री आहे, आणि तिच्यात एकाने दुसऱ्याला उपयोगी पडण्याची संधी देणे हीच शुश्रूषा आहे.

नाथ आळंदीस गेले, त्यांनी समाधीचा जीर्णोद्धार केला, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नेवाशास १२९० साली सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात, हस्तलिखितामागून हस्तलिखित उतरताना, नकलकारांच्या अनवधानाने आणि काहींच्या उत्साहानेही असंख्य पाठभेद शिरले होते. ते नाथांनी प्रती ताडून पाहत, ओवीमागून ओवी चाचपीत, दूर केले आणि अखेरीस, पुढे कोणी आपल्या पदरची ओवी यात घालू नये, अशी सक्त ताकीदही लिहून ठेवली. स्वतः सहस्रावधी ओव्या सहज रचणाऱ्या कवीने दुसऱ्याच्या ग्रंथात आपली एकही ओवी न मिसळण्याचा निर्धार करावा, या संयमाला मी नाथांच्या कवित्वाइतकेच थोर मानतो. आणि हे काम तरी कसे पाहा! ज्याचा व्यवसायच कंठाचा, त्याचा कंठ पीडलेला असताना त्याच्या वाट्याला आलेले काम असे, की त्यात कंठाला विश्रांती आणि डोळ्यांना, बोटांना, स्मृतीला मात्र अखंड राबणूक. दुखणे एक दरवाजा बंद करते तेव्हा दुसरा आपोआप उघडतो यावर माझा मुळीच विश्वास नाही. तो कोणीतरी बाहेरून ढकलावा लागतो.

पाठशुद्धीची ही नजर नाथांना कोठून मिळाली, याचा विचार करताना मला नेहमी देवगिरीचा किल्ला आठवतो. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी तेथे किल्लेदार होते आणि नाथ त्यांच्या दप्तराचा हिशेब पाहत. एका पैची चूक सापडेना म्हणून त्यांनी रात्र जागवली आणि ती सापडताच आनंदाने टाळी पिटली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती सांगणारे तिचा रोख परमार्थाकडे वळवतात. परंतु हिशेबात पै धुंडणारा आणि ओवीत भ्रष्ट अक्षर धुंडणारा हा एकच मनुष्य आहे असे मला वाटते, आणि दप्तराची ती भाषाही त्यांनी कधी टाकली नाही. त्यांच्या ‘अर्जदस्त’ या भारुडात शरीर हाच एक परगणा आहे. जीव तेथला शेखदार, बुद्धी कारकून, मन देशमुख, ममता देशपांडीण, क्रोध नाइकवाडी. आणि ही वतनदार मंडळी सरकारकाम चालू देत नाहीत, अशी कैफियत जिवाने धन्याच्या हुजुरात रुजू केली आहे.

सांध्यांचा वात शरीरात कायमचा ठाण मांडून बसल्यापासून या भारुडाचा मला फार आधार वाटतो. सकाळी उठावे तो बोटांच्या महालातून वसूल शून्य. पेर्‍यांवर सूज, मूठ वळत नाही, लेखणी धरावी तर अंगठा नकार देतो. उन्हे चढू लागली म्हणजे हळूहळू एकेक बोट रुजू होते आणि दुपारच्या सुमारास, लेखणीभोवती कापडाची चिंधी गुंडाळून ती जाड केली, की दीड-दोन पाने निघतात. तीव्र आजाराला अंत असतो, इकडे किंवा तिकडे. त्याच्या उशाशी माणसे धावत येतात. हे दुखणे मात्र मुदतीचे नसून कायम धाऱ्याचे आहे, आणि विचारपूस करणाऱ्यांनाही त्याचा शीण येतो यात त्यांचा दोष नाही. दरवेळी तेच उत्तर ऐकून कोण काय बोलणार? ‘प्रकृती कशी आहे’ या प्रश्नाला माझ्यापाशी नवे उत्तर नसते.

माझा एक मित्र पैठणीच्या मागावर बसतो. पाठीच्या मणक्याचे त्याचे दुखणे माझ्या वाताहून जुने आहे. पायाशी उशी, कमरेला पट्टा, अशा थाटात तो पदरावरचे मोर विणतो. संध्याकाळी तो येतो आणि उंबरठ्यातूनच विचारतो, ‘काय रे, काल कुठं थांबला होतास?’ मी सांगतो. मग मलाही तोच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा असे असते, की मोराच्या मानेपर्यंत आलो, डोळा राहिला. या दोन प्रश्नांत दोघांच्याही प्रकृतीचे यथातथ्य वर्तमान येऊन जाते. ज्या दिवशी माझी बोटे अगदीच ऐकत नाहीत त्या दिवशी तो मुकाट्याने कागद पुढे ओढतो आणि मी सांगेन ते लिहून घेतो. त्याचे अक्षर टपोरे आहे, आणि न पटलेल्या वाक्यापाशी लेखणी थांबवण्याची त्याला सवय आहे. तेवढ्या थांबण्यावरून मी कितीतरी वाक्ये बदलली आहेत.

गडकऱ्यांचे चरित्र मी या वयात पुन्हा वाचतो तेव्हा माझे लक्ष पूर्वीसारखे त्यांच्या प्रतिभेच्या कारंज्याकडे जात नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसांकडे जाते. क्षयाने खंगलेले राम गणेश गडकरी सावनेरास अंथरुणाला खिळले होते आणि तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, निवर्तले. ‘भावबंधन’चा शेवट मृत्यूच्या काही तास आधी पुरा झाला. हा प्रसंग महाराष्ट्राने अनेकदा सांगितला आहे आणि तो सांगताना आपला गळा भरून येतो हेही योग्यच आहे. तथापि मला त्याहून मोलाची वाटते ती ‘एकच प्याला’ची गोष्ट. त्या नाटकाचे गद्य गडकऱ्यांचे. पदे मात्र त्यांची नव्हेत, ती त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. गडकऱ्यांच्या निधनाला महिना होण्यापूर्वीच गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले, बालगंधर्वांची सिंधू झाली, आणि ज्या पदांनी प्रेक्षकांचे डोळे ओले केले ती दुसऱ्याच लेखणीतून उतरलेली होती, हे सिंधूचे दुःख ऐकताना कोणाच्या ध्यानातही राहिले नसेल. गोविंदाग्रज या नावाने ज्याने मराठी कवितेत स्वतःचे स्वतंत्र संस्थान वसवले, त्याच्या नाटकात पदे रचायची आणि ती सिंधूच्या तोंडी परकी वाटू द्यायची नाहीत, याला केवळ पद्यरचनेचे कसब पुरणार नाही. स्वतः कथाकार म्हणून लौकिक असलेल्या माणसाने मित्राच्या नाटकात इतके विरघळून जावे, याला मी त्या काळच्या नाट्यव्यवहारातली एक मोठी घटना समजतो, आणि आमच्या वाङ्मयेतिहासांत तिला एका ओळीहून अधिक जागा मिळायला हवी होती.

नाथांच्याही बाबतीत असेच काही घडले. ‘भावार्थ रामायण’ लिहिता लिहिता युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी त्यांची लेखणी थांबली आणि पुढचा ग्रंथ गावबाने पुरा केला. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला हा मुलगा लोकांच्या दृष्टीने मंदबुद्धीचा, त्याला नीट मंत्रही म्हणता येईना, अशी परंपरा सांगते. पंडितांचे पैठण! येथे वेदशास्त्रसंपन्नांची वाण कधीच नव्हती; तरी ग्रंथ हाती आला तो नाथांच्या पंगतीत वाढलेल्या आणि त्यांच्या बोलण्याची लकब दिवसेंदिवस कानांत साठवलेल्या मुलाच्या. मला यात काही नवल वाटत नाही.

माझ्या मित्राला मात्र हा सांधा मान्य नाही. तो म्हणतो, एका विणकराची पैठणी दुसऱ्याने पुढे विणली, तर रंग तेच, नक्षी तीच, रेशीमही तेच असले तरी फणीचा ठोका बदलतो, आणि जाणत्याने पदर उजेडापुढे धरला की हात कोठे बदलला ते त्याला दिसतेच; मग ग्रंथात ते का दिसू नये? मी म्हणतो, गावबाने गुरूचा ठोका आत्मसात केला होता. तो म्हणतो, ठोका आत्मसात होत नाही, तो ज्याच्या त्याच्या खांद्यात असतो. या वादाचा निकाल तोंडी लागणे शक्य नसल्यामुळे आम्ही युद्धकांड काढून चाळिसाव्या अध्यायापासून रोज संध्याकाळी वाचायला घेतले आहे. वाचतो तो, कारण माझ्याने जाड पोथीची पाने धरवत नाहीत, आणि अध्यायाचा आकडा मोठ्याने म्हणायचा नाही, असा आमचा करार आहे.