मंद आचेवरचा रविवार

शिट्टी हा आपल्या किचनचा रिंगटोन. डाळीला तीन, बटाट्याला दोन, चिकनला अंदाजपंचे. ऑफिसात डेडलाईन, घरी कुकर, प्रेशर दोन्हीकडे! त्यामुळे 'अख्खी कोंबडी मंद आचेवर सहा-सात तास शिजवणार' असं मी जाहीर केलं, तेव्हा नवरा शांतपणे म्हणाला, 'मागवूया ना बाहेरून.'

पण मला कारण होतं. दाढा काढल्यापासून बाबांनी चिकनला रामराम ठोकला होता. 'चावत नाही गं. मला आपला वरण-भात बरा.' साताऱ्याच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य? छे!

फ्रोझन कोंबडीची पहिली अट म्हणजे प्लॅनिंग. सव्वा किलोची कोंबडी फ्रीजमध्ये डीफ्रॉस्ट व्हायला जवळजवळ एक दिवस घेते. मी शुक्रवारी रात्रीच ती फ्रीझरमधून काढून, खोलगट भांड्यात, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली. म्हणजे पाणी सुटलं तरी कोथिंबिरीवर गळणार नाही. ओट्यावर ठेवायची नाही हं! आपल्या हवेत बाहेरची बाजू आधी कोमट होते, आत बर्फ तसाच, आणि ५ ते ६० अंशांच्या मधे जंतूंची चंगळ. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाला पाणी बदला. अर्ध्या किलोला साधारण अर्धा तास. आणि नळाखाली धुवायचा मोह आवरा. जंतू जात नाहीत, शिंतोडे मात्र सगळ्या सिंकभर उडतात.

शनिवारी रात्री आलं-लसूण, हळद, मीठ, दही आणि घरचा कांदा-लसूण मसाला चोळून पुन्हा फ्रीज. रविवारी सकाळी सात वाजता स्लो कुकरमध्ये तळाला कांदे-बटाटे, वर कोंबडी. पाण्याचा थेंबही नाही, तिचा रस तिला पुरतो. पहिला तास 'हाय', मग 'लो'. गोठलेली कोंबडी यात थेट टाकायची नाही, ती धोक्याच्या तापमानात फार वेळ रेंगाळते. झाकण उघडून डोकवायचंही नाही. दर वेळी वाफ जाते आणि जेवण पुढे ढकललं जातं.

या यंत्राच्या कल्पनेचं पेटंट अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये मिळालं. १९७१ मध्ये ते 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांना भलतंच आवडलं. सकाळी लावा, कामाला जा, संध्याकाळी जेवा. आपल्या आज्या निखाऱ्यावर मडकं ठेवून शेतावर जायच्या, त्याचीच ही शहरी बहीण.

दुपारी दीडला थर्मामीटर मांडीत खुपसला. ७४ अंश हवे होते, त्याच्या बरेच वर होते. उचलायला गेले, तर हाड हातात आलं आणि मांस भांड्यातच राहिलं.

लहानपणी घरी कोंबडी एक आणि तंगड्या दोनच. एक दादाला, एक मला. बाबा मान घ्यायचे, म्हणायचे, 'मला मानच आवडते.' मी दोन्ही तंगड्या त्यांच्या ताटात वाढल्या. ते काही बोलले नाहीत. भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि सावकाश, सगळं संपवलं.

मग म्हणाले, 'खरं सांगू? मान मला कधीच आवडली नाही.'

हाडं टाकू नका. रात्री त्यांचं सूप होतं.