वर्ग विद्यापीठात, धडे वाळूजला

नव्वदच्या दशकात मराठवाड्यातलं पोरगं एमबीएला गेलं की घरचे विचारायचे, ‘हे करून लागतं कुठं?’ बी.एड. कळायचं, इंजिनिअर कळायचा. मॅनेजमेंट समजावताना आम्ही सरळ औरंगाबादजवळच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या) वाळूजचं नाव घ्यायचो. 1985 साली तिथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडरांच्या शेड उभ्या राहिल्या. पैठण रोडला चितेगावात व्हिडिओकॉन होतं. चिकलठाणा एमआयडीसी तर त्याआधीपासूनची.

1994 च्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला, त्यानंतर थोड्याच काळात आम्ही तिथं दाखल झालो. वर्गात नागसेनवनातल्या कॉलेजांतून पदवी घेऊन आलेली मुलं होती. घरातले पहिलेच पदवीधर. कोटलरचं मार्केटिंगचं जाडजूड पुस्तक नंबर लावून मिळायचं. ही मुलं ते रात्रीतून वाचून, टिपणं काढून, सकाळी पुढच्याच्या हातात द्यायची. अभ्यासाला कसं भिडायचं ते मी त्यांच्याकडून शिकलो.

पण खरं शिक्षण झालं ते प्रोजेक्टच्या निमित्तानं. वाळूजच्या एका छोट्या वेंडरकडे मला इन्व्हेंटरी हा विषय मिळाला. किती माल एका वेळी मागवावा याचं वर्गमुळाचं सूत्र मी पाठ करून गेलो होतो. स्टोअरमध्ये प्रत्येक रॅकला बिन कार्ड लटकलेलं असायचं: तारीख, आवक, जावक, शिल्लक. स्टोअरकीपर काका शिल्लकेच्या रकान्याशेजारी पेन्सिलीनं बारीक खुणा करायचे. मी विचारलं, तर म्हणाले, ‘या पार्टीचा ट्रक पुण्याहून येतो. पावसाळ्यात दोन दिवस मागं-पुढं होतो. खूण आली की मी ऑर्डर सांगतो.’ मागणी आणि पुरवठ्याचा वेळ कायम सारखाच राहतो, हे आमच्या सूत्राचं गृहीतक. ते कुठं मोडतं आणि मोडल्यावर किती माल हाताशी ठेवावा लागतो, हे त्या पेन्सिलीच्या खुणांनी मला दाखवलं. पुढे नोकरीत मी अनेक सॉफ्टवेअर पाहिली, पण ‘सेफ्टी स्टॉक’ म्हटलं की मला तेच कार्ड आठवतं.

आज शहर पार बदललंय. शेंद्र्याला स्कोडा आली, शेंद्रा-बिडकीनमध्ये ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं. स्थानिक उद्योजकांच्या सीएमआयए या संघटनेनं नवउद्योगांसाठी ‘मॅजिक’ हे इन्क्युबेशन केंद्र सुरू केलं. आमच्या वेळी ‘धंदा करायचाय’ म्हणणाऱ्या पोराला दारात उभं करणारं कुणी नव्हतं. आता कल्पना घेऊन जायला जागा आहे. जगातली उत्तम व्याख्यानं मोबाईलवर आहेत, पुस्तकासाठी नंबर लावावा लागत नाही. बीड, हिंगोली, परभणीच्या मुली वसतिगृहात राहून एमबीए करतात, याचा तर मला मनापासून आनंद वाटतो.

खटकतं ते एवढंच, की प्रोजेक्ट आता खोलीत बसून होतो. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट ऑनलाइन, आकडे नेटवरून, अहवाल एआयकडून. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या केस तोंडपाठ असतात, पण 2010 साली याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज कशा घेतल्या, हे अनेकांनी ऐकलेलंही नसतं. कंपनीशी बोलणी कशी झाली, बँकेनं व्याजदर का कमी केला, एवढ्या लोकांची मोट बांधली कुणी? मार्केटिंग, फायनान्स आणि वाटाघाटी, तिन्ही विषय एकाच व्यवहारात आहेत. तेव्हाची पुष्कळ माणसं शहरातच आहेत. वेळ मागितला तर बोलतील.

आमच्याकडे साधनं कमी होती म्हणून आम्हाला माणसांकडे जावं लागलं. त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं. तुमच्याकडे साधनं आहेत आणि माणसंही. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला कारखाना मिळाला, तर पहिले काही दिवस लॅपटॉप बंदच ठेवा. पहिल्या पाळीला हजर व्हा, आणि एचआरच्या केबिनआधी स्टोअरमध्ये जा.