स्नेहलतागंजची गल्ली आणि आपली होडी

इंदूर शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे पडलेला पाऊस कान्ह आणि क्षिप्रा ह्या नद्यांवाटे चंबळेस, तेथून यमुनेस आणि अखेरीस बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतो. आपल्या अरबी समुद्राशी त्या पाण्याची गाठ पडत नाही. अशा गावी वसई-उत्तनच्या नाखवांच्या उपयोगाचे काही पाहावयास मिळेल, असे कोणासही वाटणार नाही. तथापि तसे घडले खरे.

आमचा प्रवास मुळात होता तो उदयनगरच्या यात्रेचा. आदिवासी बांधवांस सावकारांच्या पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या भगिनी राणी मारिया ह्यांनी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याच परिसरात आपले रक्त सांडले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना करून आम्ही इंदुरास परतलो व स्नेहलतागंज ह्या वस्तीत एका मराठी कुटुंबाकडे दोन दिवस राहिलो. होळकरांच्या ह्या नगरीत पिढ्यान्पिढ्या नांदलेली मराठी घरे पुष्कळ. सकाळी पोहे-जिलेबीचा फराळ, आणि बोलण्यात मराठी व हिंदी अशी मिसळलेली की दोन्ही भाषांनी एकमेकींस घरचेच मानावे.

सायंकाळी फिरावयास निघालो, तो एका गल्लीत ई-रिक्षांची रांग उभी दिसली. प्रत्येकीच्या आसनाखाली बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. शेजारच्या लहानशा दुकानात एक प्रौढ कारागीर काचेची नळी बॅटरीत बुडवून आतील आम्लाचे घनत्व पाहत होता. ते पाहून आम्हांस धर्मग्रामातील एका नाखवाचे शब्द आठवले. त्याची होडी जुनी, लाकडी. तीन हंगामांत दोन बॅटऱ्या निकामी झाल्या. दुसरी तर उसनवारीने घेतलेली. "फादर, शहरात जाताच आहात, तर कुणा जाणकाराला विचारा, आता कुठली घेऊ," असे त्याने निघताना विनविले होते.

कारागिराने आमचा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "फादर, कुठली घेऊ हे नंतर. पहिले हे सांगा, बॅटरी रातभर काय काय चालवते? आणि तिला भरतं कोण?"

ह्या दोन प्रश्नांतच सगळे शास्त्र सामावलेले आहे. तेव्हा प्रिय वाचकहो, त्यांचा थोडा विस्तार करू.

प्रथम काम पाहावे. होडीवरील बॅटरीस दोन अगदी निराळी कामे करावी लागतात. इंजिन सुरू करताना काही क्षणच, पण शेकडो अँपिअरचा प्रवाह द्यावा लागतो. ह्यासाठी मोटारीच्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ असतात. उलट दिवे, वायरलेस आणि पंप ह्यांस थोडा प्रवाह रात्रभर लागतो. त्यास जाड पत्र्यांची, घरच्या इन्व्हर्टरला असते तशी ट्यूब्युलर बॅटरी हवी. मोटारीच्या बॅटरीवर रात्रभर दिवे जाळले तर तिचे पातळ पत्रे लवकर झिजतात, आणि पहाटे इंजिनही सुरू होत नाही. म्हणून दोन्ही कामांसाठी दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्या व मध्ये असा स्विच असावा की दिव्यांनी इंजिनाच्या बॅटरीस हात लावू नये.

जेथे इंजिन २४ व्होल्टचे आहे, तेथे दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडतात. वायरलेस १२ व्होल्टचा म्हणून त्यांतील एकीवरूनच तार घेण्याची रीत आपल्याकडे दिसते. ती वाईट. त्या एकीचा साठा उतरत जातो, ती पुरती भरत नाही. दुसरी मात्र जरुरीपेक्षा अधिक भरली जाते. आणि अखेर दोन्ही जातात. २४ चे १२ व्होल्ट करणारा लहान कन्व्हर्टर लावला म्हणजे हा अनर्थ टळतो.

आता हिशेब. डोलीची होडी भरती-ओहोटीची वाट पाहत इंजिन बंद करून दहा तास उभी आहे असे धरू. एल.ई.डी.चे तीन मार्गदर्शक दिवे पाऊण अँपिअर घेतात. दहा तासांचे साडेसात अँपिअर-तास झाले. कामाचा वीस वॅटचा दिवा पाच तास, त्याचे साडेआठ. जी.पी.एस. व मासळी दाखविणारे यंत्र मिळून एक अँपिअर, त्याचे दहा. वायरलेस ऐकण्याचे पाच आणि बोलण्याचे तीन. तळातले पाणी उपसणारा पंप तासभर चालला तर पाच. एकूण ३९. शिशाच्या बॅटरीतील निम्माच साठा वापरावा, म्हणजे ती अनेक हंगाम टिकते. तेव्हा ८० अँपिअर-तास हवेत, आणि वाऱ्यापावसाच्या रात्रीसाठी थोडी शिल्लक धरून १०० ची बॅटरी पुरे. पण तेच तीन दिवे जर जुन्या पद्धतीचे, पंचवीस-पंचवीस वॅटचे असतील, तर एकटे दिवेच ६० अँपिअर-तासांहून अधिक खातील. म्हणून मोठ्या बॅटरीसाठी कर्ज काढण्याआधी दिवे बदलावे. तो खर्च त्या मानाने थोडा.

दुसरा प्रश्न भरण्याचा, आणि बहुतेक जुन्या होड्यांचे दुखणे येथेच असते. इंजिनावरचा डायनामो बॅटरीस पहिला बराच भाग भरभर देतो. शेवटचा पाचवा हिस्सा मात्र सावकाशच भरतो, त्यास कित्येक तास लागतात. इंजिन तासाभरात बंद झाले की बॅटरी अर्धपोटी राहते. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिसे व गंधक ह्यांचा कठीण पांढरा थर धरतो, आणि मग ती कितीही भरली तरी साठा राहत नाही. विसावा दिल्यानंतर मीटरने मोजून पाहावे: १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी.

म्हणून किनाऱ्यावर आल्यावर चांगल्या चार्जरने ती पुरी भरून घ्यावी. चार्जर बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्शाचा असला म्हणजे ठीक. १०० च्या बॅटरीस १० अँपिअरचा. तो तीन टप्प्यांचा घ्यावा: आधी जोराने भरणारा, मग साधारण १४.४ व्होल्टवर स्थिर ठेवणारा, आणि भरल्यावर १३.५ च्या सुमारास आपोआप उतरणारा. साधा जुना चार्जर लावून विसरलो तर बॅटरीतले पाणी उकळून जाते. दिवसभर उन्हात उभ्या होडीवर १०० वॅटचे सौर तावदान व त्याचा नियंत्रक बसविला, तर चांगल्या उन्हाच्या दिवशी सुमारे तीस अँपिअर-तास मिळतात. पावसाळी बंदीत होडी ओढून ठेवली की बॅटरी घरी आणावी आणि महिन्यातून एकदा भरावी.

लिथियमच्या बॅटऱ्यांविषयी आजकाल सर्वत्र ऐकू येते. लोह-फॉस्फेट जातीच्या लिथियम बॅटऱ्या हलक्या असतात, हजारो वेळा भरता येतात आणि त्यांतील बहुतेक सगळा साठा वापरता येतो. परंतु जुन्या होडीत त्या सरळ जोडू नयेत. त्या डायनामोपासून इतका प्रवाह सतत ओढतात की तो तापून जळू शकतो; आणि त्यांच्या आतील रक्षक यंत्रणेने मध्येच जोड तोडली तर डायनामोचे नाजूक भाग बिघडतात. मध्ये योग्य चार्जर घालावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. ज्याचे हात आखडलेले आहेत त्याने शिशाचीच बॅटरी घेऊन ती नीट सांभाळावी. त्यात कमीपणा काही नाही.

सुरक्षिततेचे दोन शब्द. भरताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. तो ठिणगीने पेटतो, म्हणून ती जागा हवेशीर असावी व तेथे विडी-काडी नसावी. खारे पाणी बॅटरीत शिरले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून ती तळापासून उंच, झाकणाच्या पेटीत, घट्ट बांधून ठेवावी. बॅटरीजवळच फ्यूज असावा. जुन्या, हिरव्या पडलेल्या तारा बदलाव्या, नाहीतर नवी बॅटरीही तेथेच हरेल.

हा सगळा प्रपंच कशासाठी, असे कोणी विचारील. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आले आणि कोकणातील कित्येक मच्छीमार घरी परतले नाहीत. अशा वेळी वायरलेसवरून येणारा इशारा आणि अंधारात दुसऱ्या नौकेस दिसणारा तांबडा-हिरवा दिवा ह्यांवर जीव अवलंबून असतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशातील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्स्पाँडर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. संकटाची वार्ता उपग्रहामार्फत पोहोचविणारी ही यंत्रे मोलाची खरी. पण होडीतली वीज संपली, तर त्यांचाही भरवसा फार वेळ धरता येणार नाही.

शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दृष्टांत आपण जाणतो. दिवे दहाही जणींपाशी होते. शहाण्या पाच जणींनी भांड्यात तेल अधिक घेतले होते, इतकाच काय तो फरक. वर आला तो मध्यरात्री, आणि त्या वेळी तेल उसने मिळेना. समुद्रावर जाणाऱ्या आपल्या भावांची मध्यरात्रही अशीच न सांगता येते. म्हणून घरच्या मायबहिणींनीही संध्याकाळी जाळी आणि डबा होडीत चढताना एक प्रश्न अवश्य विचारावा: "बॅटरी भरली का?" घरातील रोझरीइतकीच ही विचारपूसही प्रेमाची आहे, आणि स्वर्गातील पित्यास ती खचितच प्रिय असेल.