फेसाची पारख

॥ श्री ॥

दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी
वैशाख वद्य १०

चि. बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र आणि त्यासोबत धाडलेला जिन्नस, दोन्ही सुखरूप पोहोचले. दाढीच्या साबणाचा लहानसा कारखाना गावातल्या घरी काढावा, त्यासाठी लागणारे खोबरेल आपल्याच वाडीतल्या नारळांचे वापरावे आणि कोकणच्या मालाला पुण्या-मुंबईच्या बाजारात मानाची जागा मिळवून द्यावी, हा तुझा संकल्प वाचून मला मनापासून संतोष वाटला. परंतु ज्या कामात तू पदरचे भांडवल घालणार त्याविषयी भीडमुर्वत न धरता मत कळवावे अशी तूच विनंती केलेली असल्यामुळे, नुसती शाबासकी देऊन मोकळे होणे मला गैरवाजवी वाटते. तू केलेल्या वड्या अंगाला लावण्यास उत्तम आहेत, दाढीस मात्र त्या उपयोगी नाहीत. नमुन्यादाखल म्हणून बाजारातून जे सुबक डबीतले महागडे साबण तू पाठवलेस, त्यांपैकी बहुतेकांविषयीही माझी हीच तक्रार आहे. आणि दोहोंतील दोषाचे मूळ एकच दिसत असल्यामुळे त्याचा तपशीलवार खुलासा करतो.

ओला ब्रश तुझ्या वडीवर फिरवला की पाहता पाहता फेसाचा ढीग उभा राहतो, आणि अननुभवी माणूस तेवढ्यावरच खूश होऊन जातो. पण तो ब्रश उजेडात धरून नीट पाहिला तर त्यातले बुडबुडे नुसत्या डोळ्यांना वेगवेगळे मोजता येतील इतके मोठे दिसतात, आणि कानाशी नेला तर ते फुटत असल्याचा बारीक चुरचुर आवाजही ऐकू येतो. उजवा गाल होईपर्यंत डाव्या गालावरचा फेस बसलेला असतो. तेथे उरतो तो एक कोरडा पांढरा थर, त्यावर वस्तरा सरकण्याऐवजी अडखळतो, कातडी ओढली जाते, आणि शेवटी तुरटी फिरवताना हनुवटीखाली जी आग होते तिच्यावरून किती जागी ओरखडे उठले याचा हिशेब आपोआप मिळतो. बाजारच्या साबणांत याखेरीज अत्तराचा भडिमार आहे. ज्या कातडीवरून नुकतेच पाते फिरले तिला उग्र सुवास म्हणजे नवा त्रासच होय.

मुळात फेस कशासाठी, हा प्रश्न साबण करणाऱ्याने सर्वांआधी स्वतःला विचारला पाहिजे. पूर्वी खांद्याला धोकटी अडकवून दारी येणारा नाभिक साबणाला हातही लावत नसे. वाटीतले पाणी बोटांनी घेऊन तो दाढी इतका वेळ चोळी की गिऱ्हाइकाला डुलकी लागावी, आणि मगच वस्तरा उघडी. त्या कारागिराला जे अनुभवाने ठाऊक होते तेच शास्त्रही सांगते: केस आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषून घेतो, भिजून फुगतो आणि मऊ पडतो, व असा केस कापण्यास कोरड्या केसाच्या मानाने फारच थोडा जोर लागतो, मात्र त्यासाठी पाण्याला दोन-तीन मिनिटांचा अवधी हवा. दाढीचे खरे काम करते ते पाणी. साबण हा त्या पाण्याचा कारभारी. पाण्याला गालावरून ओघळू न देणे, वाऱ्याने सुकू न देणे, आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा पडदा धरणे, ही तीन कामे जो फेस शेवटचा हात फिरेपर्यंत करतो तो चांगला, मग तो आकाराने कितीही लहान दिसो. म्हणून चांगल्या फेसात बुडबुडे दिसतच नाहीत; ते इतके सूक्ष्म आणि एकमेकांना इतके लगटलेले असतात की त्यांमधले पाणी झिरपून जाण्यास वाटच मिळत नाही, आणि त्या फेसाला विरजलेल्या साईसारखी घट्ट, ओलसर तकाकी असते.

आता हा भेद कोठून उत्पन्न होतो ते पाहा. शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले की तेल किंवा चरबी म्हणजे काही स्निग्ध आम्ले आणि ग्लिसरीन यांचा संयोग असून, त्यावर क्षाराची क्रिया झाली म्हणजे आम्लांचा साबण बनतो व ग्लिसरीन मोकळे होते. कोणत्या तेलात कोणती आम्ले, यावर साबणाचा सारा स्वभाव ठरतो. आपल्या खोबरेलात सुमारे निम्मा हिस्सा लॉरिक आम्लाचा आणि स्टिअरिक आम्ल जेमतेम शेकडा ३. लॉरिकचा साबण पाण्यात चटकन विरघळतो, झपाट्याने फेसाळतो, परंतु त्याचे बुडबुडे मोठे व अल्पायुषी असतात, आणि तो कातडीचा नैसर्गिक तेलकटपणाही ओढून घेतो. स्टिअरिक आणि पामिटिक आम्लांचा साबण याच्या उलट: सुस्त, उशिरा फेसणारा, पण एकदा फेसला की दाट आणि टिकाऊ.

तथापि केवळ स्टिअरिक घालूनही भागत नाही. कॉस्टिक सोड्याने केलेला त्याचा साबण इतका टणक होतो की ब्रश त्याच्यापुढे हात टेकतो. तेच आम्ल कॉस्टिक पोटॅशने साधले तर साबण मऊ व सहज विरघळणारा होतो. यास्तव दाढीच्या जाणत्या साबणकर्त्यांची वहिवाट अशी की दोन्ही क्षार एकत्र योजावेत, त्यांत पोटॅशचा वाटा मोठा ठेवावा, म्हणजे वडी हातात धरण्याजोगी राहते आणि ब्रशलाही दाद देते. तू वापरलेस ते नुसते खोबरेल आणि नुसता सोडा. अर्थात तू केलास तो स्नानाचा साबण, दाढीचा नव्हे.

पाश्चात्त्य देशांतले नावाजलेले दाढीचे साबण पिढ्यान्‌पिढ्या जनावरांच्या चरबीवर उभे राहिले, कारण तीत ही दोन्ही जड आम्ले मुबलक. आपल्याकडे चरबीचा स्पर्श अनेकांना वर्ज्य. म्हणूनच १९१८ च्या सुमारास मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी चरबीवाचून, वनस्पतींच्या तेलांपासून साबण काढून दाखवला, ही या देशाच्या उद्योगातली फार मोठी गोष्ट झाली. आज कारखानदार स्टिअरिक आम्ल बहुधा परदेशी पामतेलापासून निघालेले विकत घेतात, आणि तूही घेऊ शकशील. पण बाळ, दाभोळच्या माणसाने त्यासाठी मलाया-सुमात्र्याकडे पाहावे असे मला वाटत नाही, कारण ज्या चरबीहीन, निर्मळ स्निग्धतेची आपल्याला गरज आहे ती आपल्याच परसात, रातांब्याच्या झाडाखाली पडलेली आहे.

हंगाम चालू असल्यामुळे घरोघर रातांबे फोडणे चालले आहे. सालींना रसाची पुटे देऊन आमसुले वाळत घालतात, रसाचे आगळ करून बरण्या भरतात, आणि बिया मात्र बाजूला सारल्या जातात. काही व्यापारी येऊन स्वस्तात उचलतात, बाकीच्या उकिरड्यावर जातात. त्याच बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळत ठेवला म्हणजे वर जो तवंग येतो तो काढून करवंटीत ओततात, आणि थिजला की फिकट, ठिसूळ, बोटाच्या उबेने कडा विरघळणारा कोकमतेलाचा गोळा तयार होतो. थंडीत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या की आपण तो शोधतो. एरव्ही त्याची आठवणही नसते. या कोकमतेलात स्टिअरिक आम्ल शेकडा ५० ते ६० भरते, उरलेल्यात बहुतांश ओलिक आम्ल असून तेही त्वचेला सौम्य. इतके स्टिअरिक जनावरांच्या चरबीतही नसते. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषि विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या कोकमाच्या निवडक जाती लागवडीसाठी दिलेल्या आहेत. म्हणजे झाडांचा प्रश्न आपल्या तालुक्यातच सुटलेला आहे, उणीव आहे ती बियांना किंमत देणाऱ्या हुन्नराची.

खोबरेलाला मी तुच्छ लेखतो असे मात्र समजू नकोस. खाऱ्या पाण्यात फेस देणारा साबण हा खोबरेलाचाच, आणि गलबतांवर समुद्राच्या पाण्याने अंग धुणाऱ्या खलाशांना त्याच्याइतका भरवशाचा सोबती दुसरा नाही. इतर साबणांच्या द्रावणात मीठ पडले की साबण पाण्यातून फुटून वर येतो. कारखान्यांत तो वेगळा काढण्याची रीतच ही. यावरून आणखी एक दक्षता लक्षात घे. वैशाखात खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्यात मिठासोबत चुना आणि मॅग्नेशियमही येते, आणि स्टिअरिकचा साबण त्यांच्याशी मिळून फेसाऐवजी चिकट पांढरा साका धरतो. म्हणून साबणाचा कस पाहायचा तो गोड्या पाण्यात. जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरीचे किंवा पावसाळ्यात पागोळ्यांचे धरलेले पाणी घ्यावे, आणि गिऱ्हाइकालाही वेष्टनावर तशी सूचना छापून द्यावी. पुष्कळ बरे साबण निव्वळ जड पाण्यामुळे बदनाम झालेले आहेत.

आता तजवीज सांगतो. स्निग्ध मालाच्या शंभर भागांत ६० भाग कोकमतेल, २० भाग खोबरेल, आणि बाकीचे एरंडेल व तिळेल मिळून धरावे. खोबरेल यापुढे जाऊ देऊ नये, कारण त्याने फेस लवकर उठावा एवढेच त्याचे काम, आणि एरंडेलाने ओल धरावी एवढेच एरंडेलाचे. क्षारात पोटॅश दोन हिस्से व सोडा एक हिस्सा ठेव. मात्र लक्षात असू दे की सोडा जेथे ४० भाग लागतो तेथे पोटॅश ५६ भाग लागते, आणि हे गणित प्रत्येक तेलाचे निराळे मांडावे लागते. शेकडा ४-५ तेल साबण न होता शिल्लक राहील इतका क्षार कमीच घाल. कोकमतेल ४० अंशांच्या आसपासच वितळते आणि गार होताच थिजते, म्हणून हा घाणा मंद आचेवरच शिजवावा. क्षार पाण्यात टाकावा, क्षारावर पाणी कदापि ओतू नये. भांडे ॲल्युमिनियमचे मुळीच नसावे, कारण क्षार ते खातो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असल्याशिवाय चुलीपाशी जाऊ नये. साबण शिजल्यावर थोडे ग्लिसरीन वरून घालावे, त्याने फेस सुकत नाही. सुवास हवाच असेल तर वाळ्याचा, आणि तोही जपून.

यानंतरची परीक्षा ब्रशाने करायची. ब्रश भिजवून झटकावा, वडीवर निवांत फिरवावा, आणि गालावर चढवल्यावर थेंबाथेंबाने पाणी देत जावे. चांगला साबण बरेच पाणी पिऊनही सैल पडत नाही, आणि बोटांत चोळून पाहिला तर निसरडा लागतो. असा फेस गालावर तसाच ठेवून पाच मिनिटे थांब. ओल कायम राहिली तर तो घाणा विकण्यास योग्य, नाहीतर तो अंग धुण्यासाठी घरी ठेव. आपल्या सहीशिक्क्याने जाणारा जिन्नस वापरणाऱ्याला रोज सकाळी भेटतो, आणि त्या भेटीत लबाडी चालत नाही, ही गोष्ट भांडवलाच्या हिशेबाहून मोठी मान.

मृगाला आता फार दिवस उरलेले नाहीत, आणि एकदा पाऊस लागला की बिया वाळायच्या नाहीत, बुरशी धरतील. तेव्हा उत्तराची वाट न पाहता या आठवड्यातच निघून ये, शेजारपाजारच्या घरांतून बिया रोख मोल देऊन गोळा कर, आणि मालाचा दर त्यांच्या समोर वजनकाट्यावर ठरव. खळ्याची जागा मी झाडून ठेवतो. कळावे.

हे आशीर्वाद,
तुझा काका