दहाव्या टीवरचा मोह

रात्री पुन्हा रिव्हिएराचा दहावा होल बघत बसलो. लॉस एंजेलिसमधलं हे गोल्फचं मैदान जॉर्ज थॉमस यांनी 1920च्या दशकात आखलं. जेमतेम 315 यार्डांचा हा पार-फोर आजचे व्यावसायिक एका फटक्यात सहज गाठतात. तरीही तो अजून भल्याभल्यांना घाम फोडतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सगळी गोम ग्रीनमध्ये आहे. अरुंद, तिरपं, पुढेमागे बंकर. फेअरवेच्या डाव्या कडेवरून ते लांबीने उघडतं आणि वेज टाकायला जागा मिळते. उजवीकडून मात्र तेच ग्रीन एखाद्या फळीच्या कडेसारखं दिसतं. चेंडू जरा जोरात गेला की थेट मागच्या वाळूत. तिथून परतीचा फटका समोरच्या बंकरात जातानाही मी पाहिलाय. म्हणजे ध्वज खुणावतो उजवीकडे आणि शहाणपण असतं डावीकडे!

2012 साली रिव्हिएरावरच्या व्यावसायिक स्पर्धेचा प्लेऑफ याच होलवर संपला. बिल हासने दुसरा फटका ध्वजापासून लांब, ग्रीनच्या सुरक्षित भागात ठेवला आणि तिथून लांबलचक पट होलमध्ये घालून बर्डी केली. प्लेऑफमधले त्याचे प्रतिस्पर्धी मिकल्सन आणि ब्रॅडली हरले.

ड्रायव्हर मारावा की आयर्न, यावर वाद घालणारे घालोत. मला दिशा जास्त मोलाची वाटते. मारायचं तर जिवाच्या आकांताने, पण डावीकडे. थांबायचं तरी डावीकडेच. उजवी बाजू या होलवर कुणीही निवडू नये.