शाळा दाखवण्याचा कार्यक्रम

'दाखवण्याचा कार्यक्रम' मराठी घराला नवा नाही. पोह्यांची बशी, ठेवणीतल्या कपबशा, ठरलेले दोन प्रश्न आणि शेवटी ते सुप्रसिद्ध 'कळवतो'! पण एका मुलासाठी पाच मुली एकाच दिवशी, एकाच खोलीत बसवून त्यांना एकाच किटलीतला चहा पाजल्याचे कुणी ऐकले आहे का? मी मात्र गेली कित्येक वर्षे तो चहा स्वतःच्या हाताने ओतते आहे.

इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका गावी सरकारी माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. इथल्या शिक्षकाला सप्टेंबरात नव्या शाळेत रुजू व्हायचे असेल, तर जुन्या शाळेकडे ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. त्यामुळे वसंत ऋतू ही आमची लग्नसराई! जागा एक, उमेदवार चार-पाच. सकाळी चहा, मग शाळेतून फेरी, खऱ्याखुऱ्या वर्गावर अर्ध्या तासाचा पाठ, विद्यार्थ्यांच्या मंडळापुढे मुलाखत आणि शेवटी मुख्याध्यापिका व शाळासमिती. निकाल बहुधा त्याच दिवशी. एकाला आत बोलावतात, बाकीचे मुकाट्याने कोट चढवतात. यातली फेरी माझ्याकडे आहे. शाळा दाखवायची ती मी.

दाखवायचे काय, तर 'कॉम्प्रिहेन्सिव्ह स्कूल'. मराठीत 'सर्वसमावेशक' म्हटले की सरकारी परिपत्रकाचा वास येतो. मी आपली 'सगळ्यांची शाळा' म्हणते.

हे नाव असे का, ते आमच्या दोन इमारतीच सांगतात. समोरची लाल विटांची, उंच खिडक्यांची. तिच्या दिवाणखान्यात लाकडी फळ्यांवर सोनेरी अक्षरांत विद्यापीठात गेलेल्या मुलांची नावे आहेत. मागची सपाट छपराची. तिथे सुतारकामाची खोली, शिवणाची यंत्रे, आणि सोनेरी फळा एकही नाही. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडात माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले खरे, पण बहुतेक ठिकाणी अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होऊ लागली. उत्तीर्ण ती 'ग्रामर' शाळेत, बाकीची बहुसंख्य 'सेकंडरी मॉडर्न'मध्ये. शाळा सोडण्याचे वय १९४७ पासून पंधरा होते. तेवढे झाले की ही दुसरी मुले गिरणी-कारखान्याची वाट धरीत. मधली भिंत दिसत नसे, पण एका घरातली दोन भावंडे सकाळी दोन वेगवेगळ्या गणवेशांत दोन दिशांना जात.

या वाटणीविरुद्ध कुरकुर लवकरच सुरू झाली. वेल्समधल्या अँगलसी बेटावर हॉलीहेड येथे १९४९ साली सगळ्या मुलांची एकच शाळा झाली. लंडनमध्ये किडब्रूकची मुलींची भव्य शाळा १९५४ साली मुद्दाम त्याच हेतूने बांधून उघडली. पुढे १९६५ साली शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांच्या खात्याने १०/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढून स्थानिक अधिकाऱ्यांकडे अशा शाळांच्या योजना मागवल्या. मौज अशी की १९७० ते १९७४ या काळात मार्गारेट थॅचरबाई शिक्षणमंत्री होत्या. त्यांनी येताच ते परिपत्रक मागे घेतले, आणि तरीही त्यांच्याच कारकिर्दीत अशा शाळा भराभर वाढल्या! आमच्याही दोन शाळा त्याच दशकात एक झाल्या. इंग्लंडात आजही १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत, पैसेवाल्यांच्या खासगी शाळा आहेत त्या वेगळ्याच.

ही हकिकत सांगत मी पाहुण्यांना जेवणघरात नेते. मुले यंत्रावर बोट टेकवतात आणि ताट उचलतात. कुणाचे जेवण विकतचे आणि कुणाचे सरकारी खर्चाने, हे रांगेतल्या शेजाऱ्याला कळत नाही. मग मी सकाळच्या हजेरीचे वर्ग दाखवते. तिथे तीसेक मुले सरमिसळ असतात आणि शक्यतो एकच शिक्षक वर्षानुवर्षे त्यांची विचारपूस करतो.

पण दाखवणाऱ्याने व्यंग झाकू नये. गणितात आमच्याकडेही कुवतीप्रमाणे गट आहेत; मूल वरच्या गटात जाऊ शकते, पण वाटते तितके सहज जात नाही, आणि यावरून शिक्षकांच्या खोलीत आजही वाद रंगतात. शाळेत प्रवेश परीक्षेवर नसून बव्हंशी घराच्या अंतरावर आहे. त्यामुळे चांगल्या शाळेच्या आसपासची घरे महाग होतात. म्हणजे जी निवड दारातून हाकलली, ती गल्लीत जाऊन उभी राहते! हे सगळे मी सांगते. ज्याला इथे नांदायचे आहे, त्याला आधी कळलेले बरे.

२०२४ च्या वसंतातली गोष्ट. पाच उमेदवारांत एक नाशिककडची मुलगी होती. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना आपली पात्रता इंग्लंडात मान्य करून घेण्याचा मार्ग खुला झाला आहे. त्या मार्गाने ही आलेली. माझे आडनाव कळताच 'मॅडम'ची 'ताई' झाली. जिन्यावर बाकीचे पुढे गेलेले पाहून तिने हळूच मराठीत विचारले, "ताई, खरं सांगा हं, चांगली मुलं कोणत्या वर्गात असतात?"

तिच्या मनात काही वाईट नव्हते. याच प्रश्नावर तर आपण सगळे वाढलो.

आमच्या गावच्या शाळेत 'अ'पासून 'फ'पर्यंत तुकड्या होत्या, आणि त्या गुणांवर पडत. मी 'अ'मध्ये, माझ्याहून वर्षाने लहान भाऊ 'ई'मध्ये. निकालाच्या दिवशी आई दोघांच्या हातावर सारखाच पेढा ठेवी. पण शेजारणींना सांगताना माझी तुकडी आधी सांगे आणि त्याची सांगायच्या वेळी तिला नेमके दूध उतू चालल्याचे आठवे. हाच मुलगा चाळीतले बिघडलेले रेडिओ खोलून पुन्हा बोलते करी. आज त्याची साठी उलटली, दुकान उत्तम चालते. तरी कसलाही कागद समोर आला की तो हसत म्हणतो, "ताईला विचारा, ती 'अ'मधली." बाकीचेही हसतात. मला मात्र ते हसू कधी जमले नाही.

मी त्या मुलीला एवढेच म्हटले, "अगं, तुझ्या वेळापत्रकात काय येईल ते सांगते. पहिल्या तासाला विद्यापीठाच्या तयारीतली मुलं. दुसऱ्या तासाला बारा वर्षांचा मुलगा, ज्याला सातचा पाढा अजून धड येत नाही. तिसऱ्या तासाला महिन्यापूर्वी दुसऱ्या देशातून आलेली, इंग्रजीचा गंध नसलेली मुलगी. तिघंही आमचीच. यातला पहिलाच तास हवा असेल, तर तशा शाळा आहेत. तिथे जाण्यात कमीपणा नाही. पण मग ही जागा घेऊ नकोस."

ती काही बोलली नाही. माझे बोलणे जरा कडक झाले की काय, असे मनात आले.

दुपारी विद्यार्थ्यांच्या मंडळापुढे मीही कोपऱ्यात बसले होते. एका मुलाने तिला विचारले, "तुम्ही तीनदा समजावलंत आणि मला तरी नाही कळलं, तर?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "चौथ्यांदा तू मला समजाव. तुला कुठपर्यंत कळलंय ते सांग. तिथून पुढे आपण दोघं जाऊ."

मुलाने कागदावर काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मला ठाऊक नाही, पण संध्याकाळी मुख्याध्यापिकेने आत बोलावले ते तिलाच.

परदेशी नोकरीचे निघाले की आपल्याकडे पगार विचारतात, घरभाडे विचारतात, थंडी किती ते विचारतात. सगळे रास्त आहे. पण शिक्षकाच्या नोकरीत आणखी एक प्रश्न विचारावा: या शाळेच्या दारातून कोणते मूल परत पाठवले जाते? उत्तर ऐकून आपल्याला हायसे वाटले की बेचैन, यावरून आपण कुठे शोभू ते नेमके कळते. आणि हा प्रश्न काही इंग्लंडातच विचारायला हवा असे नाही.

सप्टेंबरात ती रुजू झाली. तिच्या वर्गांच्या याद्या मी तिच्या हाती दिल्या. एकेका नावाचा उच्चार तिने मला विचारून घेतला आणि शेजारी बारीक देवनागरीत लिहून ठेवला. मग टोपण लावता लावता म्हणाली, "ताई, यातलं हुशार कोण, ते मात्र सांगू नका हं."