खे, दाल, जीम

माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. वजन दीड किलो. लगेच काचेत ठेवावं लागलं. सातव्या दिवसाचा अकीका पुढे ढकलला. नाव मात्र सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. खदीजा.

मी उर्दू शाळेत शिकवते. शब्दाचं मूळ शोधायची खोड जुनी. बाजारातल्या नावांच्या पुस्तिकेत या नावाचा मानी ‘इज्जतदार’ असा छापला होता. घरातली अरबी-उर्दू लुगत उघडली, तर त्यात तसलं काही नाही. खे, दाल, जीम हे मूळ. दिवस भरण्याआधी व्यालेल्या सांडणीबद्दल अरब हा शब्द वापरत. आजही अरबीत अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ‘खदीज’ म्हणतात. मग ती हदीस आठवली: ज्या नमाजेत सूरे फातिहा नाही ती ‘खिदाज’, म्हणजे अपुरी.

काचेतल्या पोरीला हे नाव? मी हटूनच बसले. आयेशा ठेवा म्हटलं, त्याचा मानी निदान ‘जगणारी’ तरी आहे. खरं तर मी घाबरले होते, म्हणून लुगतीत अपशकुन शोधत होते.

सासूबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “नाम का मानी नई देखते बेटी, नामवाली को देखते.”

नामवाली म्हणजे मक्केच्या व्यापारी, उम्मुल मोमिनीन हजरत खदीजा (रजि.). त्यांचाच माल घेऊन हुजूर (स.) शामला गेले होते. निकाहाचा पैगामही त्यांच्याकडूनच गेला. 610 साली हिराच्या गुहेतून हुजूर थरथरत घरी आले, तेव्हा अंगावर पांघरूण घालून धीर दिला तो त्यांनी. 619 मध्ये त्यांचा इंतकाल झाला, त्या सालाला ‘आमुल हुज्न’, दुःखाचं वर्ष, म्हणतात. आणि लुगतीतला मानी अरबांना ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? तरी ते आपल्या मुलींना हे नाव देतच आले.

खदीजा आता चौथीत आहे. परवा नावाचा अर्थ लिहून आणायला सांगितला होता. ‘इज्जतदार’ सांगून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. मग लुगतच तिच्यापुढे ठेवली. तिनं बोट ठेवून वाचलं.

“अम्मी, मी किती आधी आले?”

“सात आठवडे.”

“आणि वजन?”

“दीड किलो.”

वजनही तिनं वहीत लिहून घेतलं. मग उठून दादीकडे गेली, मक्केच्या व्यापाराचं विचारायला.